चिठ्ठीवर वेळ नव्हती : ठाण्यातल्या एका लेबर रूममधलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ठाणे शहरातल्या एका सार्वजनिक रुग्णालयातलं आहे. त्या रात्री लेबर रूमच्या ड्युटीवर डॉक्टर म्हणून मी होते आणि दोन दिवसांनी बाळाच्या मृत्यूचा फॉर्मही मीच भरला. बाईचं नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. वेळा मात्र केस पेपरवरच्याच ठेवल्या आहेत, कारण सगळं प्रकरण त्या वेळांमध्ये दडलेलं आहे.

तिला आपण सुमन म्हणू. वय २६, दुसरं बाळंतपण. पहिली मुलगी चार वर्षांची, मुरबाडकडच्या माहेरी झालेली, काही त्रास नाही. नवरा भिवंडीच्या बाजूला मानकोलीच्या एका गोदामात लोडिंगला, बहुतेक रात्रपाळी. तिसऱ्या महिन्यात सुमनने खारेगावला राहत असताना जवळच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवलं, माता-बाल संरक्षण कार्ड घेतलं, पहिल्या तपासण्या नीट केल्या. मग घरमालकाने डिपॉझिट वाढवलं आणि कुटुंब पारसिकच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत खोली घेऊन गेलं. अंतर फारसं नाही. पण आशाताईंच्या यादीत पत्ता जुनाच राहिला.

पाचव्या महिन्यात ती गावी गेली. सासरे आजारी, भाताच्या आवणीला माणूस नाही. शेतात उतरली नाही, पण घरचं सगळं तिच्यावर. आठव्या महिन्यात परत आली तोवर कार्डावरचे मधले रकाने कोरे होते. लोहाच्या गोळ्याही मध्येच संपल्या होत्या.

परत आल्यावर ३३व्या आठवड्यात ती केंद्रात गेली. त्या दिवसाची नोंद आहे: बीपी १४२/९२, पायांवर सूज, लघवीत अल्ब्युमिन (प्रथिन) एक प्लस, हिमोग्लोबिन ७.८. खाली सिस्टरच्या अक्षरात लिहिलंय, ‘दुपारी डॉक्टरांना दाखवणे, बीपी रिपीट.’ मुलीची बालवाडी बारा वाजता सुटते. सुमन मुलीला आणायला गेली आणि परत आली नाही. केंद्रातून नवऱ्याच्या नंबरवर फोन झाला, पण पाळी सुरू होताना गोदामात मोबाइल जमा करतात. आशाताई खारेगावच्या पत्त्यावर जाऊन आल्या. रजिस्टरात शेरा पडला, ‘खोली सोडली.’

तो शेरा खोटा नव्हता. त्याच्यापुढे मात्र कोणी काही केलं नाही.

त्या रात्री

ऑगस्ट संपत आला होता, गणपती तोंडावर. रात्री पावणेबाराला सुमनच्या पोटात दुखायला लागलं. कळा येतात आणि जातात. हे दुखणं जात नव्हतं, पोट दगडासारखं धरून राहिलं होतं. थोडं काळपट रक्तही गेलं. दोन दिवसांपासून डोकं ठणकत होतं, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. बाम लावून झालं होतं. सासूबाईंना वाटलं, दिवस थोडे आधी भरले. शेजारीण आणि सासू तिला धरून पावसात पायऱ्या उतरल्या.

१२.३० : घराजवळचं नर्सिंग होम. बीपी १७०/११०. डॉक्टर घरी, फोनवर बोलणं झालं. एक गोळी दिली आणि चिठ्ठी लिहिली.

१२.५० : रिक्षा नाक्यावर थांबली. शेजारणीने गोदामाच्या ऑफिसात फोन करून नवऱ्याला बोलावलं होतं, पैसे त्याच्याकडे. तो १.२० ला पोहोचला.

१.४५ : दुसरं रुग्णालय. अर्धा तास बाकावर. मग सांगितलं, नवजात अतिदक्षता विभागात जागा नाही, मोठ्या ठिकाणी न्या. तोवर रिक्षावाला निघून गेला होता.

२.४० : आमच्याकडे.

या तीन तासांत १०८ ला कोणी फोन केला नाही. घरच्यांना सुचलं नाही, आणि दोन्ही ठिकाणी कोणी सांगितलंही नाही. आमची लेबर रूमची लाइन रात्रभर मोकळी होती.

चिठ्ठी अजून पेपरला लावलेली आहे. चार ओळी: ३६ आठवडे, बीपी वाढलेला, ठोके आहेत, पुढील उपचारांसाठी पाठवत आहोत. गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची, ठोके किती आणि किती वाजता ऐकले, यातलं काहीच नाही. ‘ठोके आहेत’ हे साडेबाराचं वाक्य आम्ही पावणेतीनला वाचत होतो.

टेबलावर घेतलं तेव्हा बीपी १८०/११०. पोटाला हात लावू देईना. लघवीत अल्ब्युमिन तीन प्लस. डॉपलरवर बाळाचे ठोके ९६ ते १००, जे ११० ते १६० असायला हवेत. गर्भपिशवीचं तोंड तीन-चार सेंटिमीटर उघडलेलं. बीपीमुळे वार (प्लासेंटा, जिच्यातून बाळाचं पोषण होतं) बाळ जन्मायच्या आधीच सुटायला लागली होती. निदानाला दोन मिनिटंही लागली नाहीत.

समोरचे पर्याय

वार सुटते आहे आणि बाळ जिवंत आहे, तेव्हा उत्तर एकच असतं: ताबडतोब सीझर. अडचण अशी की २.२५ ला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, दुसरी बाई गेली होती. आधीचं सीझर, सकाळी घ्यायचं ठरलेलं, रात्री हलक्या कळा सुरू झाल्या म्हणून मीच तिला वर पाठवलं होतं. चुकीचा निर्णय नव्हता. पण तिला दोन तास थांबता आलं असतं. सुमन पोहोचली तेव्हा त्या बाईचं पोट उघडलेलं होतं आणि रात्रीला भूलतज्ज्ञ एकच.

मग काय काय करता येत होतं?

पुन्हा रेफर करणं. जवळच्या खासगी रुग्णालयाची ओटी मिळाली असती तरी चौथा प्रवास, अंगातून रक्त जातंय, बीपी १८०. हा विचार मी लगेच सोडला.

पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) फोडून नॉर्मल प्रसूतीची वाट बघणं. पाणमोट आम्ही फोडली, कारण आतला दाब उतरतो आणि कळाही लागतात. पण तीन-चार सेंटिमीटरवर बाळाला पुरेल इतक्या लवकर बाळंतपण होणार नव्हतं.

खालच्या छोट्या ओटीत फक्त पोटाच्या जागेपुरती भूल देऊन सीझर करणं. पुस्तकात ही पद्धत आहे. पण तिथे भुलीचं मशीन नाही, सक्शन नीट चालत नव्हतं, माझ्यासोबत एक आरएमओ (निवासी डॉक्टर) आणि दोन सिस्टर, हिमोग्लोबिन आठच्या खाली आणि रक्त अजून पेढीतून यायचं. टेबलावर तिला झटका आला असता किंवा रक्तस्राव हाताबाहेर गेला असता तर तिला वाचवायला मी एकटी होते. मी नको म्हटलं. नंतर या मृत्यूच्या आढावा बैठकीत एका सीनियर सहकाऱ्याने सांगितलं की त्यांनी केलं असतं. त्यांचा तीस वर्षांचा हात आहे. मी आजही माझ्या निर्णयावर ठाम आहे, पण त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

उरलं ते टेबल मोकळं होईपर्यंत आईला तयार करणं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, शिरेतून ४ ग्रॅम आणि दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम. बीपीसाठी लॅबेटालॉल. दोन जाड सुया, रक्ताचा नमुना धावत पेढीत. लॅबचा रिपोर्ट यायला वेळ लागणार, म्हणून सिस्टरने साध्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि नळी मुठीत धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. सात मिनिटांत गोठळी झाली नाही तर रक्त गोठायची ताकद संपत आली, असं समजायचं. सहाव्या मिनिटाला तिने नळी तिरकी केली, आतलं रक्त हललं नाही. ती काही बोलली नाही, नळी मला दाखवून रॅकमध्ये ठेवली.

या धावपळीत एक गोष्ट राहिली. बाळाच्या ठोक्यांची पहिली नोंद २.४५ ची, दुसरी ३.१० ची. मध्ये २५ मिनिटं कागद कोरा. ३.१० ला ठोके ७० होते.

बाळ आणि आई

३.२० ला टेबल मिळालं. प्लेटलेटचा आकडा हातात नव्हता म्हणून कमरेत इंजेक्शन न देता पूर्ण भूल. ३.३१ ला बाळ बाहेर. मुलगा, २१०० ग्रॅम. छत्तीस आठवड्यांना हे वजन कमीच, म्हणजे वारेतून त्याला बरेच दिवस पुरेसं मिळत नव्हतं. वारेमागे मोठी गोठळी होती. बाळ रडलं नाही, अंग सैल, ठोके ६० च्या खाली. बालरोगतज्ज्ञ हजर होते. पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्कने श्वास देणं सुरू झालं, मग नळी. पाचव्या मिनिटाला ॲपगार, म्हणजे बाळाच्या स्थितीचे गुण, दहापैकी ४.

सहाव्या तासाला बाळाला झटके आले. एका नातेवाइकाने मोबाइलवर वाचून विचारलं, बाळाला थंड करायचं मशीन मोठ्या रुग्णालयात असतं, हलवता येईल का? प्रश्न योग्य होता. ही पद्धत जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करावी लागते आणि ती वेळ हातातून चालली होती. शिवाय भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थंड ठेवलेल्या बाळांचे मृत्यू कमी न होता वाढलेले दिसले. बालरोगतज्ज्ञांनी हे सगळं बापाला बसवून, सोप्या शब्दांत सांगितलं. हलवायचं नाही असं ठरलं. बाळ ३१व्या तासाला गेलं.

सुमनला दोन बाटल्या रक्त लागलं. पिशवी नीट आवळत नव्हती, ती औषधांनी आवळली. ती वाचली.

तिला मात्र आम्ही नेहमीच्या बाळंतिणींच्या वॉर्डात ठेवलं, कारण बीपीवर लक्ष ठेवायला तिथेच सिस्टर होती. दोन्ही बाजूंच्या खाटांवर बाळं. तिसऱ्या दिवशी राउंडला गेले तर ती पदर दोन्ही हातांनी छातीशी धरून बसली होती. दूध उतरलं होतं, ब्लाउज भिजला होता, आणि असं होणार हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. बीपी वाढलेला असताना दूध थांबवायची नेहमीची गोळी देता येत नाही. गार पाण्याच्या घड्या, घट्ट आधार आणि दुखण्यावरचं औषध, एवढंच. तिने विचारलं, ‘मॅडम, हे किती दिवस राहील?’

फॉर्मवर काय लिहायचं

मृत्यूच्या कारणापुढे मी लिहिलं, ‘जन्मतः श्वासावरोध.’ बैठकीत विभागप्रमुखांनी विचारलं, श्वासावरोध कशामुळे? वार सुटल्यामुळे. वार कशामुळे सुटली? बीपीमुळे. बीपी पहिल्यांदा कधी दिसला? ३३व्या आठवड्यात. म्हणजे तीन आठवडे. मी फॉर्मवर शेवटची पन्नास मिनिटंच लिहिली होती.

इथे थोडं थांबून सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे. पेरिनेटल मृत्यू म्हणजे २८ आठवड्यांनंतर पोटात किंवा प्रसूतीत गेलेली बाळं आणि जन्मानंतर पहिल्या सात दिवसांत गेलेली बाळं, मिळून. या दोघांना एकत्र का मोजायचं ते सुमनच्या बाळाकडे बघून कळतं. तो ३.१५ ला गेला असता तर मृतजन्म ठरला असता. ३१ तास जगला म्हणून नवजात मृत्यू ठरला. रजिस्टर वेगळं, रकाना वेगळा, कारण तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये या मृत्यूंच्या वर्गीकरणाची जी पद्धत दिली, तिच्यात म्हणूनच तीन गोष्टी एकत्र लिहायच्या असतात: मृत्यू कळांच्या आधी, कळांमध्ये की जन्मानंतर, बाळाचं कारण, आणि आईची स्थिती. आमच्या फॉर्मवर आईचा रकाना होता. तो बहुतेक वेळा रिकामा जात होता.

बैठकीनंतर एका रविवारी दुपारी आम्ही तिघी मागच्या दोन वर्षांची रजिस्टरं काढून बसलो. आकडे इथे देत नाही, ते रुग्णालयाचे आहेत. कल मात्र सांगते.

आईचा रकाना भरत गेलो तसं चित्र बदललं. ‘श्वासावरोध’ आणि ‘कमी वजन’ या दोन शेऱ्यांखाली किती निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या होत्या! वाढलेलं बीपी आणि वार सुटणं सगळ्यांत ठळक. मग अडलेली, लांबलेली बाळंतपणं. मग दिवस भरायच्या आत झालेली बाळं, त्यांचा श्वासाचा त्रास आणि जंतुसंसर्ग. जन्मजात व्यंगं त्यामानाने कमी, पण ती सोनोग्राफीत वेळेवर न सापडलेली. काही मृतजन्मांना कारणच लिहिलेलं नव्हतं. त्यांतही कातडी सुटलेलं बाळ आणि ताजं बाळ हा फरक सिस्टरने नेमाने लिहिला होता, आणि त्याचं मोल तेव्हा कळलं: ताजा मृतजन्म म्हणजे बाळ बहुधा कळांच्या काळात गेलं, आणि त्या काळात बाई कोणाच्या ना कोणाच्या देखरेखीत असते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे २० लाख मृतजन्म झाले, त्यांतले ४० टक्क्यांहून जास्त कळा सुरू झाल्यानंतरचे.

दुसरा कल असा की आमच्याकडेच नाव घातलेल्या बायकांत हे मृत्यू थोडे, आणि दुसरीकडून पाठवलेल्यांत जास्त. मोठ्या रुग्णालयाचा दर नेहमी वाईट दिसतो तो यामुळे. पण ‘आमच्याकडे आली तेव्हाच हातची गेली होती’ हे वाक्य आमच्या विभागात फार सोयीचं झालं होतं, हेही मान्य करायला हवं. सुमन आली तेव्हा बाळाचे ठोके १०० होते.

काय बदललं

पहिलं, फोन. लेबर रूमला एक मोबाइल घेतला. तो ड्युटीवरच्या डॉक्टरच्या खिशात असतो. नंबर छापून आसपासच्या नर्सिंग होमना आणि आरोग्य केंद्रांना नेऊन दिला, जिथे जमलं तिथे मी स्वतः. त्या रात्री १२.५० ला फोन आला असता तर २.२५ ला दुसऱ्या बाईला मी वर पाठवलंच नसतं. एवढं मी खात्रीने सांगू शकते. बाळ वाचलं असतं असं सांगू शकत नाही.

दुसरं, चिठ्ठी. चार चौकटींचा छापील कागद: बीपी आणि वेळ, ठोके आणि वेळ, दिलेलं औषध-मात्रा-वेळ, पाठवताना कोणाशी बोलणं झालं. तो आम्ही इतरांना दिला आणि आमच्याकडून मोठ्या रुग्णालयात पाठवतानाही तोच वापरतो.

तिसरं, रात्री तातडीची नसलेली केस ओटीत नेण्याआधी फोन बघायचा, कोणी वाटेवर आहे का. चौथं, टेबल मिळेपर्यंत एका सिस्टरकडे फक्त बाळाचे ठोके. दर १५ मिनिटांनी, नोंदीसकट, दुसरं काम सांगायचं नाही. हे सांगायला सोपं आहे. दोन सिस्टर असलेल्या रात्री पाळायला फार कठीण, आणि सगळ्या रात्री पाळलं जातं असं मी म्हणणार नाही.

आरोग्य केंद्राशीही बसून बोललो. तिथल्या सिस्टरना दोष द्यायला गेलो नव्हतो, त्यांच्याकडे एका सकाळी किती बायका असतात ते आम्ही पाहिलं. ठरलं ते असं: १४०/९० किंवा वर बीपी आला की बाईला घरी सोडायचं नाही, तिथेच बसवून चार तासांत पुन्हा बघायचं, मुलीला आणायचं असेल तर कोणाला तरी पाठवायचं. आणि कार्डावर दोन फोन नंबर. दुसरा नंबर नवऱ्याचा नको, शेजारणीचा, खालच्या दुकानाचा, घरमालकिणीचा. ठाण्यात भाड्याच्या खोल्या अकरा महिन्यांनी बदलतात, पण माणसं बहुधा त्याच भागात राहतात आणि कोण कुठे गेलं ते दुकानदाराला माहीत असतं.

काय साधलं, काय नाही

फोन वाजतो. एकदा रात्री एकला वाजला, अशीच केस, आम्ही टेबल रिकामं धरून ठेवलं. ती बाई आल्यापासून बाविसाव्या मिनिटाला बाळ रडलं. त्याच महिन्यात दिव्याहून एक बाई आली, कुठेही नाव न घातलेली, बाळ दोन दिवसांपूर्वीच पोटात गेलेलं. तिथे फोनचा काय उपयोग? कळांमधले मृत्यू कमी व्हायला लागले की उरतात ते आधीचे: पोटात वाढ खुंटलेली बाळं, अपुऱ्या दिवसांची बाळं. त्यांच्यासाठी काम वस्तीत आणि केंद्रात करावं लागतं, आणि आमच्या विभागाचा हात तिथवर नीट पोहोचत नाही. भारत नवजात कृती आराखड्याने २०१४ मध्ये २०३० पर्यंत मृतजन्म आणि नवजात मृत्यू हजारी एक अंकी आकड्यावर आणायचं ठरवलं. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत (एसआरएस) देशाचा नवजात मृत्युदर हजारी २० होता. बरंच अंतर बाकी आहे.

रात्रीचा भूलतज्ज्ञ अजून एकच आहे. पत्र तीनदा गेलं आहे.

बाळ गेलेल्या बाईला आता वॉर्डाच्या टोकाची, खिडकीजवळची खाट देतो, मध्ये पडदा. दूध उतरेल, काय करायचं, हे दुसऱ्याच दिवशी सिस्टर सांगते. हे करायला पैसे लागले नाहीत, परवानगी लागली नाही. इतकी वर्षं का केलं नाही याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सहा आठवड्यांनी

सुमन तपासणीला आली, नवऱ्यासोबत. बीपी १२४/८०, गोळ्या बंद केल्या. खुर्चीवर बसून ती म्हणाली, ‘मॅडम, त्या दुपारी मी केंद्रात परत गेले असते तर?’

नवरा खाली बघत होता. मी तिला खरं तेच सांगितलं. बीपी तेव्हाच आटोक्यात आणता आला असता, बाळावर लक्ष ठेवता आलं असतं. आणि हेही सांगितलं की तिला त्या सकाळी तिथून जाऊच द्यायला नको होतं, ‘वाढलेल्या बीपीत बाळाच्या आणि तुझ्या जिवाला धोका असतो’ एवढं एक वाक्य तिला कोणीतरी म्हणायला हवं होतं. तिला वाटलं होतं, सूज आहे म्हणून बोलावलंय.

पुढचं बाळ हवं आहे, म्हणाली. निदान दीड-दोन वर्षं थांबायला सांगितलं. तोवर हिमोग्लोबिन भरून काढायचं. दिवस राहिले की तिसरा महिना संपताच दाखवायचं, कारण ॲस्पिरिनची छोटी गोळी सोळा आठवड्यांच्या आत सुरू झाली तरच तिचा पुरता फायदा होतो. सोबत कॅल्शियम, आणि बीपी दर भेटीला. हे सगळं डिस्चार्ज कार्डाच्या मागे मराठीत लिहून दिलं, मोठ्या अक्षरात. दुसरा नंबर विचारला तर नवऱ्याने स्वतःचाच सांगायला सुरुवात केली. सुमनने त्याला थांबवलं आणि शेजारणीचा नंबर पाठ म्हणून दाखवला.